मोज्यातलं लोहचुंबक

अशफाकने मोजा आणला होता, एकच,
धुतलेला, आत लोहचुंबक.
"रंगाला ओरखडा नको बाई, अजून आपली नाय ती."

टागोर नगर, रविवार, सकाळचे साडेनऊ.
सोसायटीच्या टाकीखाली राखाडी वॅगनार,
दोन हजार सोळा, एकच मालक,
इतकी पुसलेली की टायरसुद्धा काळेभोर.
पडवळ म्हणाले, "कुणाचा हात लागलेला नाही."
मग स्वतःच हसले. "म्हणजे, आमचाच."

बॉनेटला मोजा चिकटला.
पुढच्या दाराला चिकटला.
मागच्या डाव्या दाराशी, हँडलच्या जरा खाली,
सरकला
आणि निमूट अशफाकच्या तळहातात पडला.
पुन्हा लावला. पुन्हा पडला.
"पुट्टी," अशफाक माझ्याकडे न बघता म्हणाला.
"धूळ असेल," पडवळ म्हणाले
आणि कुंडीतल्या ओव्याची पिकली पानं खुडू लागले.

धूळ.
मी बावीस वर्षं राजावाडीत एक्स-रे काढते.
जिना, ओली फरशी, बाथरूमची कडी,
काय काय लागलेलं असतं माणसांना.
मी विचारत नाही. मी म्हणते,
हनुवटी वर. श्वास रोखा. हलू नका.
मग पडद्यावर दिसते
बरगडीवरची जुनी गाठ,
हाड आपलं आपण जुळलेलं,
थोडं वाकडं, पण जुळलेलं,
आणि बाहेर बाकावर नवरा कुणाला तरी सांगत असतो,
आधी काही नव्हतं हो हिला.
रिपोर्ट डॉक्टर लिहितात.
मी नाव बरोबर आलंय का तेवढं पाहते.

दोन लाख पंच्याऐंशी हजार.
साठ पतपेढीचे, भिशीचे चाळीस,
बाकीचे कुठून आणले ते मी घरी सांगितलेलं नाही.
गाडी कशाला, विचारतात सगळे.
रात्रपाळी, म्हणते मी. पटतं त्यांना.
खरं म्हणजे सत्तेचाळिसाव्या वर्षी लायसन्स आलं
आणि मला एकदा एकटीने
कुठेतरी उगाच जाऊन यायचं आहे.
हेही कुठल्या कागदावर नाही.

हायवेवर घेतली. पडवळ शेजारी, अशफाक मागे,
डिकीतल्या प्रत्येक आवाजाला कान लावून.
चाळीसला ठीक. पन्नासला ठीक.
कांजूरच्या पुढे साठवर गेली
तशी डावीकडे ओढू लागली, किंचित,
गर्दीत आईने बोट धरून न्यावं तितकीच.
मी काही बोलले नाही.
अशफाकही बोलला नाही, फक्त खोकला.

"साठच्या वर," पडवळ समोर बघत म्हणाले,
"जरा उजवीकडे धरून ठेवायचं.
फार नाही. बोटभर.
मी तसंच धरायचो."
आणि थोड्या वेळाने, सिग्नलला,
"सवय होते."

त्यांचे हात मांडीवर होते.
रिकामे, पण स्टीअरिंग धरल्यासारखे,
उजवा जरा खाली, डावा जरा वर.
तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं,
सकाळपासून त्यांनी एकदाही
गाडी स्वतः सुरू करून दाखवली नव्हती.
चावी माझ्याच हातात दिली होती,
आल्या आल्या, पाणीसुद्धा विचारायच्या आधी.

कुणाला लागली, कुठे, आत कोण होतं,
विचारायला तोंड उघडलं
आणि निघालं ते, "टायर कधी बदलले?"
"दिवाळीला," ते म्हणाले. चारही.
ते खरं असावं.

खाली उतरून चावी परत दिली.
कळवते म्हटलं. मंगळवारपर्यंत.
काकूंनी कोकम सरबत आणलं होतं, ते उभ्यानेच प्यायलो.
अशफाकने मोजा खिशात घातला,
आत त्याच्याच किल्ल्या जाऊन चिकटल्या,
त्या सोडवत सोडवत रिक्षात हिशोब करत राहिला,
दार, अलाइनमेंट, चॅसिस बघायला लिफ्ट लागेल,
चाळीस कमी करा म्हणा, नाहीतर सोडा,
दुसरी बघू, मुलुंडला एक आहे, लाल.

मी ऐकत होते.
घाटकोपर आलं तेव्हा तो म्हणाला,
"बाई, जरा सरका ना तिकडे."
अख्खी सीट असून मी
उजवीकडे रेलून बसले होते,
बोटभर.