दोन ते सहा

मशीन एकच, आणि ते अकरा नंबरला लागलंय.
तोवर हे, म्हणाली डॉक्टरीणबाई,
आणि सलाईनमधून पाण्यासारखं काहीतरी सोडलं.
हे हवा देत नाही हां, ताई.
मेंदूला नुसतं हलवतं : अरे, श्वास घे.

म्हणजे जॉबर, मी मनात म्हटलं.
खात्यात उभा राहून ओरडणारा,
स्वतः एक गाठ न मारणारा.

नान्ना आधी गिरणीत, मग टॉवेलच्या मागावर,
अशोक चौकाच्या मागं, पत्र्याखाली.
भुवयांवर कापूस घेऊन घरी यायचे,
आम्ही पोरं हसायचो, म्हातारे झाले म्हणून.
आत किती बसला ते कुणी झटकलं नाही.

नाकातली हवा दोनवरच ठेवली होती.
वाढवा की, गुदमरलालेत बघा.
तर म्हणाली, जास्त दिली की झोपतील,
श्वास घ्यायचंच विसरतील.

अडीचला औषध भिनलं.
डोळे टक्क, कपाळावर घाम,
बोटं चादरीवर तुटलेला धागा शोधू लागली.
सापडला. गाठ. पुढचा.
भोंगा झाला का गं, राजमणी?
कुठला भोंगा. गिरणी पाडली,
तिथं आता लग्नाचं लॉन आहे.
झाला, मी म्हटलं. उठा.

आणि मोजत बसले.
मला मोजता येतं ते पंचवीसनं :
पंचवीस झाले की एक कट्टा,
मनातच दोरा गुंडाळायचा, बाजूला ठेवायचा.
तीन वाजून गेले तेव्हा हजार भरले.
एरवी दिवस जातो हजाराला.
कारखान्यात अर्धे छाटले असते, पोकळ म्हणून.
छाट मी घरी आणायचे.
ती कोण ओढायचं, ते सांगायला नको.

पहाटे एकदम स्वच्छ बोलले :
मोटर वाढवून कापड निघत नाही, पोरी,
ताणाच झिजला असला तर.
डॉक्टरीणबाईनं ऐकलं. हसली नाही.
म्हणून तर सहापर्यंतच, आजोबा.

सहाला वॉर्डबॉय मशीन ढकलत आला.
एक चाक कुरकुरत होतं.
नळी नुकतीच पुसलेली, ओली.
अकरा नंबरचं मी विचारलं नाही.
त्या खाटेखाली एक स्टीलचा डबा होता,
आणि चपला.

मास्कचा पट्टा मीच ओढून बसवला.
माझी बोटं नाकाजवळ गेली तसे नान्ना थांबले,
वास घेतला, ओळखीचा,
आणि मान हलवली.
रात्रीत तीनदा साबण लावला होता मी.