जास्तीच्या दोन वायरी

मुलुंड पूर्वेला सात मजल्यांच्या गच्चीवर
पॅनल उघडून बसलोय.
दोन हजार लिटरची सोलरची टाकी,
ढगाळ दिवसांसाठी पोटात सहा किलोवॅटचा हीटर,
आणि त्याला ताब्यात ठेवायला
हा एवढासा पत्र्याचा डबा.
निजाम खालून वायर ढकलतो, मी वरून ओढतो.
बेंडमध्ये दोघांचीही ताकद अडते.
"तेल लाव," मी ओरडतो.
तो साबण लावतो. चालतं.

गणित साधं आहे.
टायमर विचारतो, वाजले का?
थर्मोस्टॅट विचारतो, निवलं का?
फ्लोट विचारतो, टाकीत पाणी तरी आहे का?
एकामागे एक तिघंही हो म्हणाले
तर काँटॅक्टर टक्क करून चिकटतो.
एकानं मान फिरवली की सगळं थंड.
ह्याला सिरीज म्हणतात.
कमिटी म्हटलं तरी चालेल.

सेक्रेटरी कर्णिकांनी चिठ्ठीच दिलीय:
साडेपाच ते साडेसात. खाली दोन रेघा.
"बिल कॉमनमध्ये येतं," म्हणाले.
दुसऱ्या मजल्यावरच्या सिस्टर डाबरे
जिन्यात भेटल्या, रात्रपाळी उतरून येताना.
"मी पोचते नऊला.
अंगाला वॉर्डाचा वास असतो हो."
एवढंच. मागितलं काहीच नाही.

टायमरला समांतर एक बटण बसतं.
दाबलं की तासभर चालू, मग आपोआप बंद.
थर्मोस्टॅटला मात्र वळसा घालायचा नसतो,
हे उस्तादनं कानाखाली काढून शिकवलंय:
वेळ चुकवलेली चालते,
ताप चुकवलेला नाही.

पण बटणाला ठराव लागतो,
ठरावाला कोरम.
वायर टाकायला काही लागत नाही.
"अजून दोन ओढ," मी निजामला म्हटलं.
"बिलात?"
"नाही."
दुसऱ्या मजल्याच्या डक्टमध्ये
टोकं गुंडाळून टेप मारला.
पॅनलच्या दाराआतल्या नकाशावर लिहिलं: स्पेअर.
पेन्सिलीनं. पेन खिशात होतं तरी.

संध्याकाळी मेन चढवला,
टायमर हातानं फिरवून साडेपाचवर आणला.
टक्क.
टाकीच्या पोटात बारीक गुणगुण सुरू झाली.
कर्णिक घड्याळ बघत होते.
"साडेसातला नक्की बंद होईल ना?"
"होईल."

माझ्या घरी, विक्रोळी पार्कसाइटला,
बादलीत रॉड आहे. टायमर नाही, काही नाही.
वैजयंता रोज बजावते,
आधी बटण बंद, मग बोट.
तेवीस वर्षं.
दुसऱ्यांच्या घरी अर्थिंग तपासणारा मी
ह्या एका आवाजावर सुखरूप आहे.

आता नोव्हेंबर.
फोन वाजला की आधी नंबर बघतो.
मुलुंडचा नसतो.
टेपच्या आत तांबं
अजून लखलखीत असेल.