पंचाहत्तर डब्ल्यू नव्वद

उद्यमबागेत ईरण्णाच्या दुकानात
फळीवर डबे बसलेत, सोनेरी, निळे, काळे,
लग्नातल्या परक्या पाहुण्यांसारखे:
ओळख कुणाशीच नाही, मान मात्र सगळ्यांना द्यायचा.
'याव एण्णी बेकु?' तो विचारतो.
मी म्हणते, तेच तर कळंना झालंय.

आप्पा म्हणतात, साधंच घे. पंधरा-चाळीस.
बावीस वर्षं तेच घातलं,
कडोलीची रताळी चोर्ल्यातनं म्हापशाला
वेळेवर पोचली का नाही?
पोचली. खोटं कशाला बोलू.
पण दर खेपेला खाली काळं पाणी यायचं,
दस्तगीरमामा ते अंगठ्या-बोटात चोळायचे,
वास घ्यायचे,
आणि फडक्याला हात पुसून चहा मागवायचे.

आता गाडी माझ्या हातात आहे.
आप्पांच्या कानात बावीस वर्षांचा घाट साचलाय,
खिडकीकडच्या उजव्या कानात जरा जास्तच.
डॉक्टरनं दिलेलं मशीन ते सदऱ्याच्या खिशात घालून फिरतात.
म्हणून त्यांना ठाऊकच नाही,
की कणकुंबीच्या पुढं, उताराला,
पाय सोडला की मागनं कुणीतरी कण्हतं.
बारीक. पन्नाशीला सुरू होतं, साठला गप.
मी रेडिओ बंद करून ऐकलंय ते,
काच वर करून, खाली करून,
रिकाम्या गाडीत आणि भरल्या गाडीत.

मामांनी मागच्या डिफरेन्शिअलचा नट काढला.
तेल नव्हतंच ते, काकवी होती,
आणि नटाच्या चुंबकाला लोखंडाची मिशी फुटलेली.
'गाडी आपलंच खातीया,' म्हणाले,
'थोडं चालतंय. सगळेच खातात.'

मग गाडीखाली पोतं अंथरून शिकवलं:
इंजिनाला पातळ, सिंथेटिक.
'पौषात पहाटे चारला सेल्फ मारतीस,
तेल वर चढेस्तवर लोखंडावर लोखंड.
इंजिन तिथं झिजतंय, घाटात न्हवं.'
मागच्याला जीएल-पाच, पंचाहत्तर-नव्वद.
गिअरबॉक्सला तोच आकडा, पण जीएल-चार. उलटं करायचं नाही.
पाचात गंधक जास्त,
दात्यांना जपतंय, पितळेच्या रिंगा खातंय.
मी म्हटलं, म्हणजे एकाचं औषध ते दुसऱ्याला विष?
'ते मला ठाऊक न्हाई. पितळ खातंय.'

'आणि एक. हे तेल मळ धुतंय.
जुन्या सीलला मळानंच धरलेलं असतंय.
धुतलं की गळंल. गळलं की माझ्या नावानं ओरडू नको.'

रताळ्याच्या पावतीमागं हिशोब मांडला,
दोनदा चुकला, तिसऱ्यांदा मुद्दाम चुकवला,
आणि ईरण्णाला सांगितलं, काढ खाली.

आठव्या दिवशी अंगणात
पाचाच्या नाण्याएवढा डाग.
आप्पांनी तो माझ्याआधी पाहिला.
इतके खूश त्यांना मी
बटाट्याचा दर चढला तेव्हाही पाहिलं नव्हतं.
'तुझं महागाचं तेल,' म्हणाले,
आणि डागाभोवती काठीनं गोल काढला,
मी विसरू नये म्हणून.

सील एकशे ऐंशीचं. मामांनी मजुरी घेतली नाही.

त्यानंतरच्या खेपेला मी आप्पांना शेजारी बसवलं.
जांबोटी गेलं. कणकुंबी गेलं.
उताराला पाय सोडला, पन्नास, पंचावन्न,
मागं नुसती पोती.
'बघा,' मी म्हटलं, 'गेलं ते.'
'काय गेलं?'
मी सांगितलं. सगळंच, मिशीसकट.

ते गप्प बसले. मग खिशातनं मशीन काढलं,
फुंकर मारली, कानात घातलं,
मान जरा मागं वळवली.
दोन वळणं.

'बारीक कण्हतंय की गं अजून.'

मी श्वास धरून ऐकलं. मला काहीच येईना.
'कवापासनं हाय हे?' ते म्हणाले.
मी गिअर खाली घेतला.
पितळ गपकन बसलं, आवाज न करता.