जिन्याखालचे चौदा चौरस फूट

येरवड्याच्या जुन्या शाळेत मापं घ्यायला गेले
आणि टेप घरीच राहिली.
मग वर्गात पोरांच्या ओळीत मांडी घालून बसले.
खिडकी सुरू होत होती माझ्या कपाळाच्या वर.
म्हणजे दुसरीतल्या कुणालाही दिसणार
फक्त विजेच्या तारेचा तुकडा आणि आभाळ,
त्यातलंही निम्मं गजांनी खाल्लेलं.

साडेदहाला लोहगावहून लढाऊ विमान उठलं.
पत्रा थरथरला.
सात सक बे—
पाढा तिथेच तुटला, सगळे हात कानांवर.
आवाज विरल्यावर बेचाळीस पूर्ण झाले,
पण तिसऱ्या ओळीत एक दप्तर होतं नुसतं.

"प्रज्वल ना? असंल जिन्याखाली,"
इंदुबाई म्हणाल्या, व्हरांडा झाडता झाडता,
चप्पल दाराशी आहे असं सांगावं तितक्या सहज.

तिथे खराटे, फिनेलचा कॅन,
मतदान केंद्राची उलटी ठेवलेली पाटी,
आणि या सगळ्यांत गुडघे छातीशी घेऊन
खुड्यांचा प्रज्वल.
मी काही विचारलं नाही.
अंग चोरून शेजारी बसले.
जिना डोक्यावर उतरत आला
आणि मला माझा श्वास ऐकू आला,
सकाळपासून पहिल्यांदा.
बऱ्याच वेळाने तोच बोलला,
"इथं विमान बारकं होतं."

नव्या नकाशात मी खिडक्या खाली ओढल्या,
जमिनीपासून दीड फुटावर.
संडासाच्या कड्या लहान बोटांना लागतील अशा,
आतून कुणी अडकलंच तर बाहेरून नाण्याने उघडतील अशा.
पत्र्याऐवजी जाड स्लॅब, त्यावर माती, मातीत गवत.
आणि जिन्याखाली, बारीक अक्षरांत: एकांत.

दातीर साहेबांनी त्या शब्दाला लाल गोल केला.
"मॅडम, एकांत कुठल्या हेडखाली टाकू?
दरपत्रकात हा आयटम नाही.
आणि पोरगं आत जाऊन बसलं, तर लक्ष कुणी ठेवायचं?"
त्यांचंही खोटं नव्हतं.
चहा आला. बशीत ओतता ओतता म्हणाले,
"मी गोठ्यात जाऊन बसायचो, मॅडम. म्हशीच्या मागं.
पण गोठ्याला मंजुरी लागत नाही."

रात्री एकांत खोडला.
लिहिलं: झाडू ठेवण्याची जागा, चौदा चौ. फूट.
एका फेरीत पास.
भिंत कमरेएवढीच धरली,
येता-जाता बाईंना आतलं डोकं दिसावं म्हणून.
कोपरे घासून गोल केले.
खाली फरशी नाही, जुन्या शाळेच्याच दाराच्या फळ्या;
ठेकेदार हसला, पण बसवल्या त्याने नीट.

जूनमध्ये तपासणी आली.
नकाशा हातात, चष्मा कपाळावर,
"इथे झाडू दाखवलेत. कुठे आहेत झाडू?"
मी घसा साफ करत होते, तेवढ्यात
इंदुबाई पदर खोचून पुढे झाल्या.
"वापरात हायेत, साहेब."

भिंतीमागे कुणाचा तरी पाय हलला,
फळी किंचित वाजली.
साहेबांनी टिक केली आणि वरच्या मजल्याकडे वळले.

प्रज्वल नव्हता तो.
प्रज्वल यंदा पाचवीत, दुसऱ्या शाळेत गेला.
तिथला जिना मी अजून पाहिलेला नाही.