बटाट्याची चकती

तीन आठवडे इस्पितळात होतो.
किल्ली व्लास्ताकडे, चौथ्या मजल्यावर.
सांगून गेलो होतो: आठवड्यातून एकदा
वाटीत पाणी, बास.

घरी आलो तर काचपेटीची दलदल झालेली.
काचेला आतून घाम,
नारळाच्या भुशाला बंद तळघराचा वास,
कोपऱ्यात अर्धा खाल्लेला रातकिडा
आणि त्याच्यावर कुणी रवा सांडलेला.
चष्मा लावला.
रवा चालत होता.

ओटिल्का पाण्याच्या वाटीच्या काठावर,
आठही पाय आखडून,
ओद्रा नदी गावात शिरली तेव्हा
माणसं छपरावर बसली होती, तशी.
खाण बंद झाली त्या वर्षी हिला घेतलं,
तेव्हा नाण्याएवढी होती.
आता माझा पंजा झाकते.

दारात व्लास्ता, हातात फवाऱ्याची बाटली.
"रोज दोनदा मारलं.
किती कोरडी कोरडी दिसत होती बिचारी."
काय बोलणार?
रविवारी दोन ट्राम बदलून
माझ्यासाठी डबा आणायची ही बाई.

औषध मारता येत नाही.
जे त्यांना मारेल ते हिलाही मारेल.
पाय मोजा, दोघांचेही आठच,
शेवटी भाऊबंद;
आणि भाऊबंदकीत विष कुणाच्या पानात पडेल
काही सांगता येत नाही.

उलटी बाजू काचेतून पाहिली.
पोटाखाली हिची चार फुफ्फुसं,
पुस्तकाच्या पानांसारखी घडीवर घडी.
तिथंच सगळ्यात जास्त गर्दी.
परवा डॉक्टर ह्लोझेकनं माझा एक्सरे उजेडाला धरला,
बराच वेळ वाचत राहिला.
मग म्हणाला, "किती वर्षं खाली होतात?"

आइस्क्रीमचा रिकामा डबा घेतला,
झाकणाला भोकं, तळाला कोरडा कागद.
पाण्याला बाटलीचं झाकण, तेवढंच.
झाडाची साल व्लास्तानं तिच्या ओव्हनमध्ये भाजली;
अख्ख्या जिन्यात जळक्या रानाचा वास,
दुसऱ्या मजल्यावरचा प्रोकोप ओरडून गेला.
भुसा सगळा फेकला. काच उकळत्या पाण्यानं धुतली, दोनदा.

राहिले ते जबड्याशी चिकटलेले.
बारीक ब्रश, टोकाला किंचित व्हॅसलीन,
कपाळावर खाणीतला जुना दिवा.
वाकलो, आणि खोकला आला.
ओटिल्कानं पुढचे पाय उगारले, सुळे दिसले.
श्वास लागला की ती उठते. वारा म्हणजे शत्रू.
पुन्हा वाकलो. पुन्हा खोकला.

"इकडे दे," व्लास्ता म्हणाली.
झुरळ दिसलं की खुर्चीवर चढणारी व्लास्ता.
माझा दिवा तिनं केसांवर बांधला,
गाल फुगवून श्वास धरला
आणि एक एक रवा उचलत गेली,
मध्येच मागे सरून, खिडकीशी जाऊन,
मोठ्यानं श्वास घेऊन परत.
ओटिल्का हलली नाही.
मी दुसऱ्या खोलीत, उशीत तोंड खुपसून खोकत होतो.

नंतर रोज रात्री धुतलेल्या पेटीत बटाट्याची चकती.
राहिलेले चुकार वासावर येतात,
सकाळी चकती उचलायची, उकळत्या पाण्यात टाकायची.
पहिल्या दिवशी ती पांढरी नव्हती, हलती होती.
चौथ्या दिवशी चौदा. व्लास्तानं भिंगातून मोजले,
कॅलेंडरवर पेन्सिलीनं लिहिले,
तिच्या दाताच्या डॉक्टरच्या तारखेखाली.
सहाव्या दिवशी एकोणीस. दोघंही गप्प.

एका चकतीसाठी अख्खा बटाटा चिरायचा,
मग उरलेल्याचं सूप:
जिरं, वाळलेल्या अळंब्या, लसूण जास्त.
अकरा दिवस बटाट्याचंच सूप.
फवाऱ्याची बाटली तिनं स्वतःच उचलून
खिडकीत, जिरेनियमच्या कुंडीमागे ठेवली.
त्यावर दोघंही काही बोललो नाही.

काल चकती कोरी निघाली.
कडा वाळून वर वळलेल्या.
ओटिल्का परत तिच्या सालीखाली,
एक पाय तेवढा बाहेर.

आज सहा वाजता दार वाजलं.
व्लास्ता, हातात पातेलं.
म्हणाली, "बटाटे आधीच चिरून ठेवले होते."