एकतीस किलो

रद्दीवाल्या शेलारांच्या काट्यावर
पिंजऱ्यासकट भुंग्या भरला एकतीस किलो.
"कुठं निघाला?"
"रॉटरडॅमला. आमच्या इरावतीकडे."
"तिथं मराठी कोण बोलणार याच्याशी?"

महिनाभर मीच शिकवलं त्याला
आत शिरायला, गप्प पडून राहायला.
दर वेळी एक खारी.

चिप टोचली, रक्त तपासलं.
फॉर्मवर रंग विचारला होता,
लिहिलं तपकिरी. खरं तर
तळजाईच्या पायवाटेचा.

खाली माझा जुना स्वेटर अंथरलाय.
धुवायचा नाही,
डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं.

पहाटे साडेतीनला गाडी आली.
"आत" म्हटल्याबरोबर गेला,
शेपटी हलवत,
आणि जाळीतून
माझ्या खिशाकडे बघत राहिला.

प्रवासाआधी
काही खायला द्यायचं नसतं.