कोरम

इगर्ज सुटली की कोमुनिदादीची सभा.
विषय एकच, मानशीचं मोडलेलं दार.
कुडतरीच्या त्या हॉलमध्ये मी चाळीस खुर्च्या मांडतो.
माणसं आली सहा,
आणि उबाल्दबाब,
ऐकू येत नाही म्हणून पहिल्या रांगेत.

वहीत लिहितो: कोरमअभावी तहकूब,
अर्ध्या तासाने याच जागी, हजर असतील तेवढ्यांत.
ही ओळ आता पेनालाच पाठ आहे.

"अर्थ ठाऊक आहे का रे त्या शब्दाचा?"
गणपूर्ती, मी म्हणतो. खात्याच्या परीक्षेला होता.

उबाल्दबाब राशोलला चार वर्षं लॅटिन शिकले,
मग पाद्री न होता बोटीवर कुक झाले.
कांदा चिरावा तशा भरभर विभक्त्या म्हणतात.
"क्वोरुम. षष्ठी, अनेकवचन. ज्यांच्यापैकी.
बस्स, एवढंच.
विलायतेचा राजा न्यायाधीश नेमायचा,
सनदेत लिहायचा लॅटिनमध्ये:
ज्यांच्यापैकी तू एक असावास
अशी आमची इच्छा आहे.
इंग्रजांनी पुढे इच्छा गाळली, 'तू' गाळला,
उरलेल्या सर्वनामाचं नाम केलं.
आता तो नुसता आकडा."

मी हजेरीचं पान उलटतो.
ज्यांच्यापैकी तिघे स्विंडनला.
एक कुवेतला, काल फोन होता त्याचा,
जोण कधी मिळेल म्हणून.
ज्यांच्यापैकी कुंडईकर जेवून येतो म्हणाले, मडगावहून.
ज्यांच्यापैकी मिंगेल शुक्रवारी पुरला,
त्याच्या नावावर रेघ मारायची राहिली आहे.

आणि मी?
मी गावकार नव्हे, पेडण्याचा.
सतरा वर्षं डोकी मोजतो इथे,
माझं कधी त्यात धरलेलं नाही,
धरूही नये, नियम आहे.

अर्धा तास झाला. सहाचे चार उरले.
ठराव झाला: दाराचा अंदाजपत्रक मागवावा.
अंदाजपत्रक नपुंसकलिंगी, मी वहीत दुरुस्त केलं.

संध्याकाळी बांधावर गेलो, उगाच.
भरती आत शिरत होती, कुणाची सही न घेता,
खाजनात, कोळंबीसकट.
उबाल्दबाब तिथे गुडघाभर चिखलात,
एक जुनी फळी भोकाला लावू पाहत,
ऐंशी वर्षांचे, बनियनवर.

हाक मारली, ऐकू गेली नाही.
मग त्यांनीच वळून पाहिलं,
फळीचं दुसरं टोक
माझ्या बाजूला सरकवलं.
चपला काढल्या मी.